ऑनलाइन विक्री करणाऱ्या टीमला उभारी देणारे मेसेज: काय लिहायचं, कधी पाठवायचं, कुठे थांबायचं

फोन आणि लॅपटॉपवरून विक्री करणाऱ्या माणसाच्या वाट्याला दिवसभरात सर्वांत जास्त काय येत असेल, तर नकार. "नंतर कळवतो", "महाग वाटतंय", किंवा निळ्या टिका येऊनही उत्तर नाही. ऑफिसात हाच नकार आला तर शेजारच्या टेबलावरून कोणीतरी "काय झालं रे?" एवढं तरी विचारतो. घरून काम करणारा तो एकट्याने गिळतो आणि पुढच्या लीडला, म्हणजे खरेदी करू शकेल अशा पुढच्या माणसाला, फोन लावतो. टीम लीडरचा नियमित मेसेज याच एकटेपणासाठी असतो. उगवत्या सूर्याच्या चित्रावर छापलेला सुविचार हे काम करू शकत नाही, कारण तो कोणालाही उद्देशून लिहिलेला नसतो.

हा मेसेज कोणाला लागतो, ते आधी आकड्यांत बघू. समजा, एखाद्याचं काम चांगलं आणि स्थिर आहे, दर २० चौकशांमागे एक विक्री होते. म्हणजे यशाचं प्रमाण ५ टक्के. अशा माणसाला सलग २० चौकशांत एकही विक्री न मिळण्याची शक्यता जवळपास ३६ टक्के असते. दिवसाला प्रत्येकी २० चौकशा हाताळणारी ८ जणांची टीम असेल, तर कोणाचीही काही चूक नसताना रोज सरासरी तिघांचा दिवस शून्यावर संपतो. सलग दोन दिवस शून्य जाण्याची शक्यताही १३ टक्के आहे, म्हणजे हे टीममधल्या प्रत्येकाच्या बाबतीत कधी ना कधी होणारच. जो लीडर फक्त विक्री झाल्यावर "अभिनंदन" लिहितो, तो रोज या तिघांना वगळतो. आणि त्या दिवशी गरज त्यांनाच जास्त असते.

म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: मेसेज निकालावर नको, त्या माणसाने त्या दिवशी खरोखर केलेल्या कामावर हवा. लिहायला दोन मिनिटं पुरतात. खरी मेहनत ते काम नजरेत येण्यात आहे.

पायरी १: आधी नोंद, मग मेसेज

एक साधी शीट उघडा. रकाने पाचच ठेवा: तारीख, नाव, आज केलेली एक नेमकी गोष्ट, ती कुठे दिसली (चॅट, कॉल रेकॉर्डिंग, सीआरएममधली म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली नोंद), आणि त्यावर मेसेज गेला का. गेला असेल तर ग्रुपवर की वैयक्तिक, हेही त्याच रकान्यात लिहा.

रोज २० ते २५ मिनिटं फक्त बघण्यासाठी काढा. सगळ्यांचं सगळं बघायला जाऊ नका, ते चौथ्या दिवशी बंद पडतं. रोज तिघांना निवडा. प्रत्येकाचं एक कॉल रेकॉर्डिंग पाच मिनिटं ऐका किंवा एक लांबलेलं चॅट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. ८ जणांच्या टीममध्ये पाच दिवसांत १५ वेळा बघणं होतं, म्हणजे जवळपास प्रत्येकजण आठवड्यातून दोनदा नजरेखालून जातो. टीम १२-१५ च्या वर गेली की एकट्याने हे निभत नाही. मग दोन अनुभवी विक्रेत्यांना प्रत्येकी चार-पाच जण वाटून द्या, आणि त्या कामासाठी त्यांच्या टार्गेटमध्ये थोडी सूट द्या. सूट न देता हे काम दिलं तर ते पहिल्या महिनाअखेरीलाच सुटतं.

नोंद कशाची करायची? ज्या गोष्टी विक्रेत्याच्या हातात आहेत, त्यांचीच. ग्राहकाच्या पहिल्या मेसेजला किती मिनिटांत उत्तर गेलं. किंमत सांगण्याआधी गरज समजून घेणारे किती प्रश्न विचारले. "विचार करून सांगतो" म्हणणाऱ्याला परत कधी संपर्क करायचा, त्याची तारीख त्याच बोलण्यात ठरवली का. सीआरएममध्ये नोंद अशी लिहिली का, की उद्या दुसऱ्या कोणी ते लीड उचललं तरी त्याला सगळं कळेल. महिनाभर गप्प असलेलं लीड परत बोलतं केलं का. ग्राहकाला न शोभणारा महाग प्लॅन त्याच्या गळ्यात मारायचं टाळलं का. ही शेवटची गोष्ट फार कमी लीडर नोंदवतात, आणि पुढे रिफंडची रांग लागते.

शीटमुळे आणखी एक फायदा होतो. महिन्याच्या शेवटी नावाप्रमाणे क्रम लावला की दोन-तीन नावं पंधरा-पंधरा वेळा आलेली दिसतात आणि एखादं नाव एकदाच. आपण पक्षपात करत नाही असं प्रत्येक लीडरला वाटतं, शीट मात्र खरं काय ते दाखवते. ज्याचं नाव सलग आठ-दहा दिवस आलेलं नाही, त्याचं काम दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी बघा.

पायरी २: सूचना आणि शाबासकी एकाच खोलीत ठेवू नका

एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर टार्गेट, नवा रेटकार्ड, "रिपोर्ट अजून आला नाही", कोणाचा तरी वाढदिवस आणि शाबासकी असं सगळं चालत असेल, तर लोक तो ग्रुप म्यूट करतात. एकदा म्यूट झाला की चांगला मेसेजही संध्याकाळी ८० मेसेजांच्या ढिगात सापडतो, किंवा सापडतच नाही.

तीन जागा पुरतात. पहिला, सूचनांचा ग्रुप. त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. दुसरा, बोलण्याचा ग्रुप. तिथे सगळे लिहितील, आणि कौतुकाचे मेसेज तिथेच जातील. तिसरी जागा म्हणजे प्रत्येकाचं वैयक्तिक चॅट. तुमच्या मेसेजांपैकी निम्म्याहून जास्त याच तिसऱ्या जागी जायला हवेत.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना त्यांच्या वैयक्तिक चॅटमध्ये पाठवणारी यादी) वापरायची असेल तर दोन गोष्टी माहीत हव्यात. एका लिस्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जण मावतात. आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. नवीन माणूस "मला काही आलंच नाही" म्हणतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. मात्र ब्रॉडकास्टवरून कौतुक पाठवू नका. चार जण आपापसांत बोलतात, तेच वाक्य सगळ्यांना आल्याचं लक्षात येतं, आणि पुढच्या खऱ्या कौतुकावरचाही विश्वास उडतो.

चुकीचं नाव किंवा आकडा गेला तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो. त्यानंतर लक्षात आलं तर खोडून नव्याने लिहा, आणि चूक झाली होती हे सरळ सांगा. कौतुकात नाव चुकणं ही लहान चूक नसते.

एक पथ्य कडक पाळा: "बघा किती छान चॅट केलं" म्हणून स्क्रीनशॉट टाकताना ग्राहकाचं नाव, नंबर आणि पत्ता आधी झाका. ग्राहकाची माहिती वीस फोनांत पसरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पायरी ३: आठवड्याची आणि महिन्याची लय

रोज सकाळी ग्रुपवर मेसेज टाकायलाच हवा, हा समज सोडून द्या. रोजचा मेसेज दहा-बारा दिवसांत रिकामा होतो, कारण रोज सांगण्यासारखं नवं काही ग्रुपसाठी नसतं. नियमित म्हणजे रोज नव्हे. ठरलेल्या वेळी, न चुकता, एवढाच त्याचा अर्थ.

आठ-दहा जणांच्या टीमला पुरेल अशी मांडणी सांगतो. सोमवारी शिफ्ट सुरू होण्याच्या १५ मिनिटं आधी ग्रुपवर एक मेसेज: या आठवड्यात लक्ष कशावर, आणि गेल्या आठवड्यातली एक चांगली गोष्ट नावासकट. मंगळवार ते गुरुवार ग्रुपवर काही नाही, फक्त रोज दोन-तीन वैयक्तिक मेसेज. शुक्रवारी काम संपण्याच्या अर्धा तास आधी ग्रुपवर आठवड्याचा आढावा, आणि त्यात किमान एक गोष्ट अशी जी विक्रीच्या आकड्यात दिसत नाही. टीमची सुट्टी वेगळ्या दिवशी असेल तर शुक्रवारऐवजी आठवड्याचा शेवटचा कामाचा दिवस धरा.

ज्या तासांत तुमचे ग्राहक सर्वांत जास्त उत्तरं देतात, त्या तासांत ग्रुप शांत ठेवा. ऐन बोलणं रंगात आलेलं असताना फोन वाजला तर तो मेसेज प्रेरणा देत नाही, व्यत्यय आणतो. शिफ्ट संपल्यानंतरही काही पाठवू नका, कौतुकसुद्धा नाही. रात्री साडेदहाला लीडरचं नाव स्क्रीनवर दिसलं की माणसाच्या पोटात आधी गोळाच येतो, मजकूर काहीही असो. रात्री सुचलं तर लिहून ठेवा. टेलिग्राम, स्लॅक आणि जीमेलमध्ये मेसेजला पुढची वेळ लावून ठेवता येते. फक्त पाठवायच्या दिवशी सकाळी वेळ लावलेले मेसेज एकदा नजरेखालून घाला. आदल्या रात्री पेमेंटची लिंक बंद पडून पाच ऑर्डर हातच्या गेल्या असतील, आणि सकाळी नऊला "काय झकास सुरुवात!" असा मेसेज आपोआप गेला, तर लीडरला आपल्या कामाचं काही माहीतच नाही, हेच टीमला कळतं.

महिन्याची लय वेगळी असते. ध्येय जवळ आलं की प्रयत्न वाढतात, हे मानसशास्त्रात बऱ्याच आधीपासून माहीत आहे. क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की खाऊ जवळ येईल तसा उंदराचा वेग वाढतो. विक्रीच्या टीममध्येही शेवटच्या पाच दिवसांत सगळे आपणहून पळतात. तेव्हा "चला, जोर लावा" हा मेसेज लागत नाही, उलट त्याने ताण वाढतो. त्या दिवसांत अडथळे दूर करणारे मेसेज पाठवा: "डिस्काउंटची मंजुरी आज सातपर्यंत मी दहा मिनिटांत देईन, थेट मला लिहा." यापेक्षा मोठा धीर शेवटच्या दिवसांत नसतो.

टीम खरी ढेपाळते ती दोन जागी. एक, महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत, कारण काल गाठलेला आकडा आज परत शून्य झालेला असतो. दोन, ११ ते २० तारखेच्या दरम्यान, जेव्हा सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवट अजून दूर असतो. पहिल्या तीन दिवसांत मागच्या महिन्यातल्या उरलेल्या लीडची आठवण द्या. शून्यापासून सुरुवात नाही, हातात आधीच ३० गरम लीड (खरेदीच्या जवळ आलेले ग्राहक) आहेत, हे आकड्यासह सांगा. मधल्या दहा दिवसांत महिन्याचं टार्गेट तोडून दोन-तीन दिवसांची छोटी लक्ष्यं द्या: "गुरुवारपर्यंत प्रत्येकाने ५ जुनी लीड परत उघडायची." शेवट नजरेच्या टप्प्यात आला की वेग आपोआप येतो.

पायरी ४: मेसेज कसा बांधायचा

चांगल्या मेसेजमध्ये चार गोष्टी असतात: नाव, नेमकी कृती, त्या कृतीचा परिणाम, आणि हवं असेल तर पुढचं एक छोटं पाऊल. लांबी ४० ते ५० शब्द. त्याहून लांब मेसेज फोनवर तुकड्यात दिसतो आणि उरलेलं वाचायला लोक बोट लावतातच असं नाही.

आता दोन मेसेज शेजारी ठेवून बघा.

"सुपर्ब स्नेहा! तू आमची स्टार आहेस! अशीच चमकत राहा!"

"स्नेहा, सकाळचा डेमो ऐकला. त्यांनी तीनदा किंमत विचारली, तरी तू आधी त्यांच्याकडे सध्या काय अडतंय ते विचारून घेतलंस. त्यामुळे महागडा प्लॅन का, हे शेवटी तेच तुला सांगत होते. उद्याच्या दोन डेमोंत हाच क्रम ठेव."

पहिला वाचून बरं वाटतं, पण उद्या काय करायचं ते कळत नाही. त्यात एक छुपा धोकाही आहे. स्टार म्हटलेल्या माणसाचे पुढचे दोन दिवस कोरडे गेले तर तो स्वतःला काय म्हणेल? अव्रॅहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. सरासरीने फीडबॅकचा उपयोग होतो असं दिसलं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट खालावलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण असं, की फीडबॅक माणसाचं लक्ष कामावरून काढून स्वतःवर नेतो तेव्हा त्याचा उपयोग कमी होत जातो. स्टार, वाघ, किंग, क्वीन असे शब्द नेमकं हेच करतात.

परिणाम लिहिताना अतिशयोक्ती करू नका. डेमो चांगला झाला पण ऑर्डर आली नाही, तर तसंच लिहा. "ऑर्डर नाही आली, पण त्यांनी पुढच्या सोमवारची वेळ स्वतःहून दिली, हे तुझ्या शेवटच्या प्रश्नामुळे." खरं सांगितलं तर वजन येतं.

साध्या आभाराला कमी लेखू नका. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांच्या एका गटाला त्यांच्या विभागप्रमुखांनी भेटून, तुमच्या मेहनतीबद्दल मी ऋणी आहे, एवढंच सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या गटाचे कॉल ५० टक्क्यांहून जास्त वाढले, आणि ज्यांना काही सांगितलं नव्हतं त्यांचे जसेच्या तसे राहिले. त्या लोकांना पगार ठरलेला होता, जास्त कॉलचे जास्त पैसे मिळत नव्हते. त्यांचं काम तुमच्या टीमसारखंच होतं, फोनवर अनोळखी माणसांचे नकार ऐकण्याचं.

पुढचं पाऊल प्रत्येक मेसेजला जोडू नका. चारपैकी तीन मेसेज नुसत्या कौतुकावर थांबू द्या. प्रत्येक शाबासकीच्या शेपटाला एक काम बांधलेलं असेल तर लोक शाबासकीलाच घाबरायला लागतात. आणि "छान केलंस, पण…" हे तर लिहूच नका. त्या "पण"नंतरचंच लक्षात राहतं. सुधारणा सांगायची असेल तर ती वेगळ्या वेळी, शक्यतो फोनवर सांगा. लेखी टीकेत आवाजाचा मऊपणा पोचत नाही, आणि माणूस ते वाक्य दहा वेळा उघडून वाचत बसतो.

तू की तुम्ही, हे प्रत्येकाशी तुम्ही प्रत्यक्ष बोलता तसंच ठेवा. वयाने मोठ्या माणसाला ग्रुपवर अचानक अरेतुरे केलं तर कौतुकही टोचतं. एरवी तू म्हणणाऱ्याने एकदम "आपण उत्कृष्ट कामगिरी केलीत" लिहिलं तर ते एचआरने पाठवल्यासारखं वाटतं. इमोजी एक पुरे.

व्हॉइस नोट वापरायची असेल तर ४० सेकंदांच्या आत, आणि फक्त वैयक्तिक चॅटमध्ये. त्यात नाव घ्या. कोणी खचलेलं असेल तर लेखी मेसेजपेक्षा आवाज लवकर पोचतो.

पायरी ५: वाईट दिवसाचे मेसेज

इथेच बहुतेक लीडर चुकतात. शून्याच्या दिवशी ते एक तर गप्प बसतात, किंवा "हार मानू नका, यश जवळच आहे" असं काहीतरी लिहितात. दोन्हींत माणसाला कळतं की आपलं नेमकं काय झालं ते कोणी बघितलेलं नाही.

एकाचा दिवस शून्य गेला असेल तर ग्रुपवर त्याबद्दल एक अक्षर नको. वैयक्तिक लिहा, आणि आधी त्या दिवसाचं काम तपासून मगच लिहा. काम नीट झालं असेल तर असं: "अमोल, आज २२ चौकशा, ऑर्डर शून्य. मी सहा चॅट वाचले. उत्तरं वेळेवर, प्रश्न बरोबर. आज फासे उलटे पडले, तुझ्या पद्धतीत बदलण्यासारखं मला काही दिसलं नाही. उद्या हेच कर." आकडा लपवलेला नाही आणि दोषही दिलेला नाही. वर मांडलेला ३६ टक्क्यांचा हिशेब टीमला एकदा नीट समजावून सांगितलेला असेल, तर या मेसेजला आधार मिळतो. हा हिशेब प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कागदावर मांडून दाखवा.

कामात खरंच गडबड असेल, उत्तरं तीन-तीन तासांनी गेली असतील, तर धीराचा मेसेज पाठवू नका. "उद्या सकाळी दहा मिनिटं बोलू या का? चौकशांना उत्तर द्यायला उशीर होतोय, काही अडचण आहे का ते समजून घ्यायचंय." खोटा धीर दिला तर चूक पक्की होते, आणि बाकीच्या टीमला वाटतं इथे काहीही चालतं.

शेवटच्या क्षणी मोठी ऑर्डर हातची गेली, तर पहिल्या तासात "यातून काय शिकलो" हे विचारू नका. "बातमी कळली. दोन आठवडे तू यावर बसला होतास, वाईट वाटणारच. पुढचे दोन फॉलो-अप आज मी घेतो." एवढंच. शिकण्याचं बोलणं दोन दिवसांनी, शांतपणे.

पूर्ण टीम मागे असेल तर आकडा ग्रुपवर उघड ठेवा. टार्गेट ४००, आज १८ तारीख, झाले १६५, हे सगळ्यांना माहीत असतंच. लीडरने ते टाळून गोड बोललं तर त्याच्यावरचा विश्वास जातो. आकडा सांगा, कारणातलं जे तुमच्या बाजूचं आहे ते मान्य करा (जाहिरात उशिरा सुरू झाली, स्टॉक नव्हता, वेबसाइट अडकत होती), आणि उरलेल्या दिवसांत तुम्ही स्वतः कोणती दोन कामं करणार ते लिहा. टीमकडून काय हवं ते त्यानंतर. टार्गेटच अवास्तव असेल तर मात्र कोणताही मेसेज ते गाठून देणार नाही. तिथे लीडरने वरच्यांशी बोलायचं असतं, टीमला जोश द्यायचा नसतो. हेच पैशाच्या बाबतीत. इन्सेंटिव्ह दोन महिने अडकलेला असताना आलेला प्रेरणेचा मेसेज चीड आणतो, आणि ती चीड रास्त आहे. आधी पैसे कधी मिळणार त्याची तारीख सांगा.

नव्या माणसाचे पहिले तीस दिवस

नव्या माणसाला मेसेज जास्त लागतात आणि वेगळे लागतात. पहिल्या आठवड्यात रोज एक, दुसऱ्या-तिसऱ्यात दिवसाआड एक, चौथ्यात इतरांइतके. पहिल्या आठवड्यात विक्रीचा विषयच काढू नका. पहिला डेमो स्वतः घेतला, पहिल्यांदा नकारानंतर शांतपणे निरोप घेतला, सीआरएमची नोंद पूर्ण केली, एवढ्या गोष्टींवर लिहा. तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी २३८ कर्मचाऱ्यांच्या सुमारे १२,००० रोजच्या नोंदी तपासल्या. चांगल्या दिवसांमागे सर्वांत जास्त वेळा दिसलेलं कारण होतं, अर्थपूर्ण कामात थोडीशी का होईना पुढे सरकल्याची जाणीव. नव्या माणसाला ही प्रगती स्वतःला दिसत नाही, कारण तो स्वतःची तुलना दोन वर्षं काम केलेल्याशी करत असतो. लीडरने त्याची तुलना त्याच्याच पहिल्या दिवसाशी करून दाखवायची.

लीडरबोर्डबद्दल

रोजचा लीडरबोर्ड, म्हणजे विक्रीच्या क्रमाने लावलेली नावांची यादी, ग्रुपवर टाकणं सोपं असतं आणि वरच्या तिघांना आवडतंही. पण यादी जिथे संपते तिथलं नाव रोज तेच असेल, तर त्या माणसाला रोज सगळ्यांसमोर उभं केल्यासारखं होतं, आणि तो महिन्या-दोन महिन्यांत सोडून जातो. टाकायचाच असेल तर आठवड्यातून एकदा, फक्त वरचे तीन. त्याच्या जोडीला "स्वतःच्या मागच्या आठवड्यापेक्षा सर्वांत जास्त सुधारणा" हा वेगळा मान ठेवा. तो नवखाही जिंकू शकतो. चांगल्या आणि वाईट भागांतली लीड सारखी वाटलेली नसतील तर मात्र लीडरबोर्ड अजिबात नको. ज्याला गरम लीड मिळतात तो वर, हे सगळ्यांना कळत असतं.

कौतुक ग्रुपवर की वैयक्तिक? ज्यातून इतरांना काही उचलता येईल ते ग्रुपवर. ज्यामागे त्या माणसाची एखादी अडचण किंवा आधीची चूक आहे, ते वैयक्तिक. काही लोकांना चारचौघांत नाव घेतलेलं आवडत नाही. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला हे विचारा आणि शीटमध्ये लिहून ठेवा.

बिघाड झाला तर तो असा ओळखा

ग्रुपवर तुमच्या मेसेजखाली फक्त अंगठे येतात, शब्द येत नाहीत: मेसेज फार वारंवार किंवा फार मोघम झालेत. दोन आठवडे संख्या निम्मी करा आणि प्रत्येकात एक नाव व एक कृती हवीच, असं बंधन घाला. एकाच्या कौतुकावर बाकीचे गप्प: एक तर पक्षपात होतोय किंवा तो माणूस लीड पळवतो हे टीमला माहीत आहे आणि तुम्हाला नाही. शीट तपासा, मग एकदोघांशी फोनवर बोला. मेसेज नीट, तरी काम थंड: अडथळा दुसरीकडे आहे, बहुधा लीडच्या दर्जात, किमतीत किंवा इन्सेंटिव्हच्या नियमांत.

आणि तयार मेसेजांचा साठा. इंटरनेटवरून किंवा एआयकडून एकदम पन्नास मेसेज लिहून घेऊन रोज एक टाकायचा मोह होतो. शब्द कसे जुळवायचे यासाठी मदत घ्यायला हरकत नाही. पण कृती आणि नाव तुमच्या शीटमधून आलेलं नसेल, तर मेसेज पाठवू नका. त्या दिवशी काहीच न पाठवलेलं चांगलं.

उपयोग होतोय का, हे कसं बघायचं

सुरुवात करण्याआधी चार आठवड्यांचे तीन आकडे काढून ठेवा: चौकशीला पहिलं उत्तर जायला लागणारा वेळ, ठरलेल्या तारखेला झालेल्या फॉलो-अपचं प्रमाण, आणि शून्य दिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या दोन तासांतलं काम. हा तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. खचलेला माणूस दुसऱ्या दिवशी उशिरा सुरू करतो, आणि सावरलेला वेळेवर. त्यानंतर सहा ते आठ आठवडे ही पद्धत चालवा आणि परत तेच आकडे बघा. एकूण विक्रीवरून निष्कर्ष काढू नका. ती हंगाम, जाहिरात आणि ऑफर यांनी हलते, आणि तेवढ्या काळात मेसेजचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही.

आकड्यांबरोबर टीमलाही विचारा, पण "मेसेज आवडतात का?" असं नको, सगळे हो म्हणतात. "गेल्या महिन्यातला कोणता मेसेज आठवतोय?" असं विचारा. ज्यांना एकही आठवत नाही, त्यांना गेलेले मेसेज शीटमध्ये शोधा. ते बहुतेक मोघम असतील, किंवा गेलेलेच नसतील.

तुम्ही रजेवर असाल तेव्हा ग्रुपवरचे दोन मेसेज दुसऱ्या कोणाकडे द्या, आणि त्याने ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत लिहावेत. वैयक्तिक मेसेज मात्र तेवढे दिवस थांबू द्या. परत आल्यावर पहिल्या दिवशी रिपोर्ट मागण्याआधी शीटमधली आठ नावं घ्या, आणि तुमच्या गैरहजेरीत कोणी काय सांभाळलं ते बघायला बसा.